बोटाला न लागणारा हिरवा

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून वर्गात रंग कालवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा शिशुवर्गाच्या बाईंना खरं तर हायसंच वाटलं.

"पालकांची कटकट फार झाली हो. परवा एका आईने रंगाने माखलेला गणवेशच टेबलावर आपटला. पडद्यावर दाखवा ना, सगळं तयार मिळतं."

एरवी बाई तावातावाने भांडल्या असत्या. पण मदतनीस मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून वाट्या धुणं, फरशी पुसणं, पोरांचे हात खसाखसा चोळणं, सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. कंबर धरली होती. "बरं," म्हणून त्या निघाल्या.

खिडक्यांचे पडदे ओढून त्यांनी व्हिडिओ लावला आणि खुर्चीत अंग टाकलं. निळ्यावर पिवळा थेंब पडला, हिरवा झाला, वाजंत्री वाजली. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि लगेच एकमेकांना ढोसायला लागली. बाईंचे डोळे मिटत होते.

तेवढ्यात मुंगी उठली. कुठेही जाताना मुंगीच्या पावलांनी जायची, म्हणून तिचं नावच ते पडलं होतं. तिने पडद्यावरच्या हिरव्यावर बोट दाबलं, डोळ्यांशी धरून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"बाई, लागतच नाही."

"तो नुसता बघायचा आहे गं."

"मग केला कोणी?"

"त्यांनी."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि कपाटातल्या बाटल्या काढल्या. "बाह्या वर करा रे. पार खांद्यापर्यंत!"

मुंगीने पिवळ्यात निळा कालवला आणि ती दचकलीच. "मी केला!" आनंदाच्या भरात तिने लालही ओतला. वाटीत नुसता चिखल. तिचा चेहरा उतरला.

"बाई, लाल परत काढा ना."

"निघत नाही गं राणी. दुसरी वाटी घे."

या वेळी तिने चमच्याचमच्याने रंग घातला आणि झालेला हिरवा दोन्ही कोपरांच्या आड धरून बसली.

शाळा सुटताना फाटकाशी तीच आई उभी होती. लेकाची हिरवी बाही बघून तिचा पारा चढला. "सांगितलं होतं ना आम्ही?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. वाद घालायला त्राणच नव्हतं. "द्या, मी धुऊन देते."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सुजलेले डोळे, निळी नखं. "राहू द्या," ती पुटपुटली. "तुम्ही आधी घरी जा."

मोठ्या बाई दारातून बघत होत्या. "रंग आठवड्यातून एकदाच," त्या म्हणाल्या. "तेही घरून जुने सदरे मागवून. पण पुसणार कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

बाईंनी बादली भरली. अर्धी फरशी पुसून झाल्यावर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत.