आपलं पाणी

पूर ओसरला की घरात गाळ राहतो, हे महाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वॉक संपला की माझ्या डोक्यात तसेच किस्से राहतात. वेळच्या वेळी खरवडून काढले नाहीत तर वास मारायला लागतात. आमचे हे म्हणतात, "कल्पना, तू रविवारी पाहुण्यांचा वॉक घेतेस आणि सोमवारी माझा क्लास." म्हणून या वेळी त्यांना सोडलंय आणि तुम्हाला धरलंय. हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र अजून राग येतो, आणि तो मी काही लपवणार नाही.

आधी आमची मंडळी सांगते. आम्ही तिघंच. मी लोकांना गावातून पायी फिरवते आणि बोलते. दिनेश उमरठच्या बाजूच्या एका वाडीतला. चौदा वर्षं मुंबईत हॉटेलच्या किचनमध्ये काढून परत आलाय, आता पाहुण्यांची ट्रॅव्हलर चालवतो. आणि सुमनवहिनी, आमच्या बौद्धवाडीतल्या, माझ्या दाराला दार लागून असलेल्या. त्यांच्या घरी वॉक संपतो आणि जेवण होतं. बुकिंग मुंबईची एक कंपनी घेते. कंपनी म्हणजे आमच्यासाठी फोनवरच्या एक मॅडम. बाजारपेठ, पुराच्या खुणा, कोकम सरबत, चवदार तळं आणि शेवटी वहिनींकडचं जेवण, असा आमचा 'हेरिटेज अँड फूड वॉक'.

*

कंपनीने पहिल्यांदा छापील कार्यक्रम पाठवला, त्यात लिहिलं होतं, 'स्टॉप चार : चवदार तळे. टेस्टिंग, पंधरा मिनिटं.'

मी फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "चवदार म्हणजे टेस्टी ना? मग गेस्टना तिथे काय टेस्ट करायला देतोय आपण?"

मी म्हटलं, "मॅडम, ते तळ्याचं नाव आहे. त्या तळ्याचं पाणी प्यायचा हक्क मिळवायला आमच्या आज्या-पणज्या चालत आल्या होत्या."

"ओह, सो सॉरी. बदलते लगेच."

बदललं नाही. पुढच्याच रविवारी एक टोपीवाले गृहस्थ तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहून इकडे बघतायत, तिकडे बघतायत. मग मला हळूच विचारतात, "इथे खास काय मिळतं?"

"पाणी," मी म्हटलं. "आणि तेही सहजासहजी नाही मिळालं."

त्यांनी मोबाईल काढून लिहून घेतलं, 'वॉटर'.

याच मॅडमनी पुढे मार्चमध्ये मेसेज केला की वीस तारखेच्या, म्हणजे सत्याग्रह दिनाच्या, आठवड्यात तळ्यावर फार गर्दी असते असं कळलंय, तर तो स्टॉप गाळता येईल का. बाहेरगावाहून लोक पोराबाळांना घेऊन येतात, पायऱ्यांवर बसून डोळे पुसतात, त्याला ही बाई गर्दी म्हणते. मी उत्तर दिलं, "तळं आहे तिथेच राहील. तुमचा आठवडा गाळा."

*

बाजारपेठेत आमचे एक धान्यवाले काका आहेत. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्यांनी तिच्यावर मुद्दाम रंग दिलेला नाही. वॉकमध्ये मी तिथे थांबते, कारण ती रेघ बघितल्याशिवाय हे गाव कळत नाही.

एकदा एक जोडपं आलं. रील करायची होती. तरुणाने काकांना रेघेखाली उभं केलं, हात वर करायला लावला आणि म्हणाला, "काका, जरा सॅड लुक द्या ना."

काकांचं सगळं दुकान त्या पाण्यात गेलं होतं. तांदूळ कुजल्याचा वास महिनाभर जात नव्हता. माझ्या तोंडात शिवी आली होती, खरंच सांगते. पण काका शांतपणे हात वर करून उभे राहिले.

ती मुलगी म्हणाली, "तेव्हाचे फोटो नाहीत का तुमच्याकडे? ते जास्त इफेक्टिव्ह वाटतील."

"होते की," काका म्हणाले. "मोबाईल पण त्याच पाण्यात होता."

*

आता आडनावाचा किस्सा. हा एकच किस्सा नाही, दर दोन रविवारी होतो, फक्त माणसं बदलतात. त्यातला एक सांगते.

तळ्याकडून आमच्या वाडीकडे चालत होतो. एक काकू माझ्या बरोबरीने आल्या. गोड आवाज.

"किती छान बोलता हो तुम्ही. नाव काय म्हणालात?"

"कल्पना."

"कल्पना... पुढे?"

"कल्पना सुरेश."

"हो हो, पण आडनाव?"

मी ट्रकचा आवाज आल्यासारखं केलं. काकू सोडतायत कुठल्या? "मूळ गाव कुठलं तुमचं?" महाड. "नाही, पण मूळचं मूळ?" महाडच. "घरी गणपती बसतो का तुमच्या?"

तिथे मी थांबले. सगळा ग्रुप थांबला. मी म्हटलं, "काकू, तुमच्या मनात जे आलंय ना, तेच!"

पुढचा रस्ता काकू, गाडी लावून आमच्याबरोबर चालणाऱ्या दिनेशच्या बाजूने चालल्या. त्याचं आडनाव त्यांनी पहिल्या मिनिटात विचारून घेतलं होतं.

*

दिनेशचंही ऐका. त्याला वेगळाच छळ. पोलादपूरकडची ट्रिप असली की पाहुण्यांना उमरठच्या, म्हणजे शिवकाळातल्या सरदाराच्या गावच्या, रस्त्यावर दिसेल तो माणूस मावळा हवा असतो. जीन्स घातलेला मावळा त्यांना चालत नाही.

त्या दिवशी चढावर टायर पंक्चर झाला. दिनेश घामाघूम होऊन बोल्ट सोडवतोय आणि एक साहेब पाच फुटांवरून कॅमेरा लावून म्हणतायत, "अरे, जरा इकडे बघ. हातातलं ते वर धर, तलवारीसारखं. एकदम मावळा वाटला पाहिजेस."

दिनेशने व्हील पाना वर धरला. फोटो निघाला. मग तोच पाना साहेबांपुढे केला. "साहेब, मावळं एकट्यानं लढत नव्हतं. आता तुमी धरा."

साहेबांनी तीन बोल्ट सोडवले, हे कबूल करायला हवं. पण संध्याकाळी कशेडी घाटात दरड आली, गाड्यांची रांग लागली आणि हेच साहेब कंपनीला फोन करून ओरडले की ड्रायव्हरचं प्लॅनिंग चुकलं. दिनेश मागे वळून एवढंच म्हणाला, "दरड मला इचारून नाय पडत, साहेब." त्याबद्दल त्याची लेखी तक्रार झाली. उद्धटपणा म्हणे.

*

आता सुमनवहिनी. इथून पुढे मला हसायला जमत नाही.

वहिनी पूर्वी एका गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायच्या. तीन महिने. मग काही पालकांनी पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली, आणि एक दिवस वहिनींना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका, दुसरी बाई मिळालीय. कारण कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्यानंतर वहिनींनी कित्येक वर्षं घराबाहेरच्या माणसासाठी चूल पेटवली नाही. वॉकचं जेवण त्यांच्याकडे ठेवायला मी महिनाभर मागे लागले होते. शेवटी म्हणाल्या, "करते गो. पन पुन्ना कोन उठवायला आला तर तू बग." मी म्हटलं, बघते. तो शब्द माझा.

जेवण काय असतं ते ऐका. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि कुळथाचं पिठलं. पिठल्याच्या फोडणीत परसातला ताजा कढीपत्ता. पाहुणे बोटं चाटतात. एकाने तर पातेलं पुसून खाल्लं. जेवणाबद्दल तक्रार म्हणून कधी नाही.

पण ताटाशेजारी वहिनी घासलेल्या स्टीलच्या ग्लासात पाणी ठेवतात, ते तसंच राहतं. दर रविवारी. बारा पाहुणे, बारा ग्लास, कधी दहा भरलेले, कधी बाराही. पाहुणे आपापल्या बाटल्या काढतात.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या पोटाला बाहेरचं पाणी सोसत नाही. मीही पहिले दोन महिने तसंच म्हणत होते. मग लक्षात आलं की हेच लोक तासाभरापूर्वी बाजारपेठेत सरबताचे दोन-दोन ग्लास पिऊन आलेत. ते सरबत काय बाटलीतल्या पाण्याचं होतं? नगरपालिकेचंच पाणी, एकाच टाकीतून आलेलं. आणि वहिनींचं बिरडं, पिठलं कशात शिजलं? शिजलेलं चालतं, ग्लासातलं चालत नाही, हे पोटाचं दुखणं नाही. हे दुखणं कुठलं ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

एकदा एक चार-पाच वर्षांची मुलगी होती. गोड पोर. भाकरीचा घास तिखट लागला म्हणून तिने ग्लासाला हात घातला. आईने ग्लास अलगद बाजूला सरकवला आणि म्हणाली, "बाळा, ते नको. आपलं पाणी आहे ना."

आपलं पाणी. चवदार तळ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर बसून.

वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांना ऐकू गेलं, कारण तव्यावरची भाकरी थोडी करपली, आणि वहिनींची भाकरी करपत नाही. पण बाहेर येऊन त्या मुलीला म्हणाल्या, "गूळ देऊ का गो बाय, तिखट लागला तर?"

पाहुणे गेले की त्या सगळे ग्लास एका बादलीत ओततात आणि बादली मागच्या दारी नेतात. मोरीत नाही ओतत. मी एकदा चिडून म्हटलं, "द्या फेकून." तर म्हणाल्या, "पानी फेकवत नाय माझ्यानं. आपल्याला ती सवय नाय."

*

मग मॅडमचा फोन आला. फीडबॅक आलाय म्हणे. लंच हायवेवरच्या एका हॉटेलात हलवायचा विचार आहे.

"जेवण आवडत नाही का लोकांना?"

"नाही नाही, फूडला तर फाइव्ह स्टार आहेत सगळ्यांचे."

"मग?"

"कम्फर्ट. यू नो. काही गेस्टना तिथे... ॲम्बियन्स."

"मॅडम, मराठीत सांगा ना."

त्यांना मराठीत सांगता येईना. येणारच नाही. असल्या गोष्टींना हे लोक इंग्रजी शब्द कशाला शोधतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, वहिनींना उठवलंत तर मीही उठले. दिनेशला विचारलं, तो म्हणाला, "ताई, माझी गाडी तुमच्याच मागं." मॅडम म्हणाल्या, घाई नको, मी स्वतः येऊन बघते.

*

आल्या. रविवार नव्हता, पाहुणे नव्हते, त्या एकट्याच. वहिनींनी घर झाडून-पुसून ठेवलं होतं आणि पिठलं नेहमीपेक्षा जास्त केलं होतं. मला त्याचाच राग आला. परीक्षा द्यायची वेळ यांच्यावर का?

मॅडम वाईट नव्हत्या हो. नम्र होत्या. चपला बाहेर काढल्या, भांडी बघितली, ओटा बघितला, "किती स्वच्छ" म्हणाल्या. दोन भाकऱ्या खाल्ल्या. पिठलं पुन्हा मागून घेतलं. ताटाशेजारी वहिनींनी ग्लास भरून ठेवला होता. मॅडमनी पर्समधून बाटली काढली, घोटभर प्यायल्या, झाकण लावलं आणि ती ग्लासाच्या शेजारी ठेवली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

मग म्हणाल्या, "सुमनताई, तुमच्या हाताला चव आहे. पण वरून प्रेशर आहे. पुढच्या महिन्यापासून लंच हॉटेलला होईल. प्लीज, पर्सनली घेऊ नका."

मी उठलेच होते. तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी माझं मनगट धरलं. घट्ट. "हात धुवायला मागं चला, मॅडम," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघी मागच्या दारी गेलो. दाराला लागून कढीपत्ता आहे. कुंपणाच्या वर गेलेला, पानं गर्द हिरवी, भर उन्हात एक पान पिवळं नाही. मॅडम हात धुऊन वर बघतच राहिल्या. डहाळीला हात लावला, वास घेतला.

"पिठल्यात हाच होता ना? माझ्याकडे बाल्कनीत किती वेळा लावला, जगतच नाही. तुम्ही काय घालता हो याला? खत कुठलं?"

वहिनी आत गेल्या. ताटाशेजारचा ग्लास घेऊन आल्या, काठोकाठ भरलेला. खाली वाकल्या आणि सावकाश, थेंब इकडेतिकडे न जाऊ देता, सगळा मुळाशी ओतला.

"खत नाय घालत, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमचे पाहुणे पानी घालतात."