बिनफोडणीचं सूप

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझे दीर सातवीत होते. हाफ चड्डीतल्या त्या पोराला 'अहो भाऊजी' म्हणायचं, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. तेही लगेच मोठ्या माणसासारखे 'वहिनी, तुम्ही' करायला लागले. पुढची पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत भांडलो. भांडण बहुतेक वेळा स्वयंपाकावरूनच व्हायचं, कारण त्यांचा सगळा जीव स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघर माझं.

बारावीनंतर त्यांनी इथंच शहरात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि एका मोठ्या प्रवासी जहाजावर आचारी म्हणून लागले. गंगापूरकडची आमची शेती, घरात सात पिढ्यांत कोणी समुद्र बघितलेला नाही, आणि हे वर्षातले नऊ महिने पाण्यावर. लग्नाचं म्हटलं की हसायचे. सुट्टीला आले की माझा ओटा ताब्यात घ्यायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत एका दुपारी त्यांनी जाहीर केलं, "वहिनी, आज तुम्ही ओट्यापाशी यायचं नाय. सूप करतो."

जहाजावर त्यांच्या खोलीत आणखी दोघं आचारी होते. एक इंडोनेशियाचा, एक अल्बानियाचा. अल्बानिया नावाचा देश आहे हेच मला ठाऊक नव्हतं. प्रवाशांची जेवणं उरकली की हे तिघं स्वतःपुरतं काहीतरी शिजवायचे. इंडोनेशियावाला हळद, आलं, लसूण वाटून पिवळं आंबट पाणी उकळायचा, त्यात गवती चहा आणि लिंबाची पानं. अल्बानियावाल्याची आई उन्हाळ्यात शेवया करून चादरीवर वाळवायची, अगदी आपल्यासारख्या, फक्त अंड्याच्या आणि जाड. तो त्या पाण्यात शेवया सोडायचा, वरून घुसळलेलं दही आणि चुरलेला वाळका पुदिना.

"आणि तुमचं काय त्यात?" मी विचारलं.

"माझं काय नाय. मी ढवळायला."

सासूबाई माळकरी, म्हणून भाऊजींनी मूळ कृतीतली कोंबडी वगळून नुसत्या भाज्यांचं पाणी काढलं. शेवया माझ्या डब्यातल्या, गावाकडून आलेल्या. आमच्याकडं शेवयांची खीर होते, नाहीतर दूध-गूळ घालून खातात. मिठाच्या पाण्यात शेवया बघूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळं झाल्यावर ते सासूबाईंना देवळातून आणायला गेले, आणि मी झाकण काढलं.

पातळ, फिकट, चहासारखा वास. घरच्या माणसांपुढं हे ठेवायचं? मला वाटलं पोर फोडणी विसरलंच. मी दोन चमचे बेसन कालवून लावलं, लोखंडी पळीत तेल तापवलं, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, आणि चर्रकन वरून ओतलं. दही घातलेलं काहीही बिनफोडणीचं ठेवायचं नाही, हे माझ्या हाताला कोणी सांगावं लागत नाही.

ते दारातच थांबले. वासावरून कळलं त्यांना. सगळ्यांनी ताटलीभर भातावर घेऊन खाल्लं. सासूबाई म्हणाल्या, "लई ब्येस कढी केली रं." ते मान हलवून जेवत राहिले. माझ्या मनाला तेव्हाच थोडं लागलं होतं, पण कबूल करते ती मी कसली!

भांडी विसळताना ते शेजारी येऊन उभे राहिले. "वहिनी, एकदा तरी तसंच खाऊन बघा की. फोडणी नसली तर काय बिघडतंय?"

मी चिडूनच म्हटलं, "बिनफोडणीचं आपल्यात सुतकात खातात, भाऊजी."

हे वाक्य मी उच्चारलं. याच तोंडानं.

जहाजावर परत गेल्यावर महिन्याभरात त्यांनी मला मोबाईलवर आवाजी निरोप पाठवला. चांगला पाच मिनिटांचा. 'वहिनी, सुपाची कृती नीट सांगतो' अशी सुरुवात ऐकली आणि मी मनात म्हटलं, झालं, आले मला शिकवायला, आणि तिथंच बंद केला. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, 'ऐकलं का?' मी लिहिलं, 'ऐकलं.' पुढच्या सुट्टीला आले, तेव्हा सुपाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

या वर्षी उन्हाळा संपता संपता त्यांना जहाजावर ताप आला. पुढच्या बंदरात उतरवून दवाखान्यात नेलं आणि तिथंच सगळं संपलं. चार दिवसांनी पेटी विमानानं आली. गावाकडच्या मळ्यात अग्नी दिला आणि इथं घरी परतलो. शेजारपाजारचे कडू घास घेऊन आले, पिठलं-भाकरी, खिचडी. आम्ही खाल्लं, कारण खावं लागतं. सासूबाईंनी मात्र तोंडात काही घातलं नाही. साखरेचा आजार, गोळ्या उपाशीपोटी, डोळे वर जायला लागले. आमच्या यांनी हात जोडले, मी रागावले, कशाचा उपयोग नाही.

अग्नी दिल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "त्यानं केलती ती कढी कर. तेवढी खाईन."

मी उठले आणि ओट्यापाशी येऊन उभी राहिले. सुतकात फोडणी देत नाहीत. घरात तेलाची कढई चढत नाही. कढी कशी करू? त्या कढीतून माझी फोडणी काढली, बेसन काढलं, तर उरतं ते भाऊजींचं सूप.

तेव्हा मी तो निरोप लावला. भिंतीला टेकवून फोन ठेवला आणि त्यांचा आवाज ओट्यावर आला. 'आलं-लसूण-हळद बारीक वाटा. परतायचं नाय, तसंच पाण्यात सोडा.' मी थांबवायची, तेवढं करायची, पुन्हा लावायची. कुंडीतला गवती चहा आणला, लिंबाची पानं तोडली. 'दही एकदम ओतू नका वहिनी, फुटंल. आधी दह्यात पळीभर गरम पाणी घाला, त्याला सवय होऊ द्या.' मी दह्याला सवय होऊ दिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात भरलेले होते. पुदिना चुरल्यावर आच बंद केली आणि फोनही थांबवला, कारण आता कृती संपली असं मला वाटलं.

सासूबाईंपुढं वाटी ठेवली. एक घास घेऊन थांबल्या. "ही ती नाय."

"नाय. पण भाऊजींना अशीच करायची होती."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी बिघडवली."

त्यांनी पुन्हा घास घेतला. वाटी पुसून खाल्ली. मीही पातेल्यातलं घेऊन खाल्लं, उभ्याउभ्याच. आंबट, हलकं, आल्याची धग मागून येणारी. काहीही कमी नव्हतं त्यात. ते सांगत होते ते खरं होतं, आणि दोन वर्षं मी नुसत्या हट्टापायी ते खाल्लं नव्हतं.

भांडी घासून झाल्यावर उरलेला निरोप ऐकला. मिनिटभरच बाकी होता.

'आता शेवटचं. परवा हे दोघं मला म्हणाले, एक पाणी उकळतो, एक शेवया आणतो, तुझं यात काय? मग मी तुमच्यासारखी फोडणी दिली, वहिनी. लसूण, कढीपत्ता, सगळं. आता दोघं फोडणीशिवाय खायला तयार नाहीत. तर तुम्ही देतच जा. तेवढंच आपलं आहे त्यात.'

फडताळात तेलाची बरणी होती. सुतक फिटायला पाच दिवस होते.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते सूप पुन्हा केलं आणि त्यावर फोडणी दिली. सासूबाई पोटभर जेवल्या. मी फोन उघडला. त्यांच्या निरोपाखाली माझा शब्द अजून तसाच आहे: 'ऐकलं.' म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं असणार, की वहिनींनी सगळं ऐकलं, आणि त्यावर वहिनींना काहीच म्हणायचं नव्हतं.