भागीदारीतलं जहाज

९ फेब्रुवारी. मेधाचा पांढरा गणवेश इस्त्री करत होते. खिडकीतून धक्क्याला लागलेली फ्रिगेट दिसत होती. उद्या माझी लेक त्या युद्धनौकेवरून निघणार.

"तीन देशांनी मिळून आराखडा केलाय, आई. अशीच जहाजं त्यांच्याकडेही आहेत."

"म्हणजे ही कुठे कमजोर आहे, ते त्यांनाही ठाऊक."

"आणि त्यांचं आम्हाला!" ती हसली.

मला हसू आलं नाही. आजचे भागीदार उद्याही भागीदारच राहतील, असं कुणी लिहून दिलंय? समोरचं एवढं थोरलं जहाज मला एकदम पातळ पत्र्याचं वाटू लागलं. इस्त्री थांबली तिथे बाही पिवळी पडली.

माणूस घरातून निघालं की लगेच केर काढू नये, हे मी कधीच मानलं नाही. सकाळी मेधा गेली. मी झाडू उचलला आणि जागेवर ठेवून दिला.