लाह्यांची शाल

मायदेईला एका जागी बसवेना. फादझाई, तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सासरच्यांनी रीतीच्या शेळ्याही आणून बांधलेल्या. दिवस भरून वर गेले, तरी बाळ काही यायचं नाव घेईना. मायदेई चुलीवरच्या साद्झात, मक्याच्या घट्ट उकडीत, डाव घालायची, तो तसाच सोडून फाटकाशी जायची, रस्ता बघून परत यायची. रस्त्यावर काय दिसणार? गुतूकडून येणारी धुळीची बस आणि शेजाऱ्यांची गाढवं.

खरी धास्ती निराळीच होती. बाळ झालं की विहीणबाई हरारेहून येणार. बाई अशी, की भांडं हातात घेतलं तर आधी त्याचं बूड बघेल. लग्नात मायदेईनं विणलेला टेबलावरचा रुमाल उचलून ती म्हणाली होती, "छान आहे हो, पण सपाट आहे. आमच्याकडे हल्ली उठावाचं विणतात." पोरीला जन्मभर त्याच घरात नांदायचं. माहेरच्यांना धड विणताही येत नाही, हा टोमणा तिच्या पदरात पडायला नको. बाळ विहिणीच्या मांडीवर जाईल ते उठावाच्या शालीतच, असं मायदेईनं ठरवून टाकलं.

आणि उठावाचा टाका घरात येत होता एकट्या सुनेला, सेकेसाईला. मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा टाका.

"आई, मी कोण तुम्हाला शिकवणार?" सेकेसाई सुनेच्या रीतीनं गुडघ्यांवर बसत म्हणाली.

"तू शिकवू नकोस. तू आपली वीण, मी बघते."

मग सून विणायची आणि सासू बघायची. क्रोशाच्या सुईनं एकाच घरात पाच खांब घालायचे, सुई काढून पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची, सुटलेला फास त्यातून ओढायचा. टप्पकन लाही फुगते. मायदेईला वाटलं, एवढंच ना! ती भराभर विणत सुटली. मध्ये उठायची, फाटकाशी जाऊन यायची, पुन्हा विणायची. "बरोबर आहे ना गं?" असं विचारलं की सेकेसाई खाली बघून म्हणायची, "सुंदर झालंय, आई."

एके दिवशी फादझाईनं शाल पोटावर ओढून बघितली आणि लगेच फेकून दिली. "आई, आतून टोचतंय गं! खडीवर निजल्यासारखं!"

मायदेईनं शाल उलटी केली. निम्म्या लाह्या आतल्या बाजूला फुटल्या होत्या.

"सेकेसाई! हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं, आई."

"कधी?"

"पहिली ओळ संपवून दुसरीला परतलात तेव्हाच."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सासूची चूक कशी काढू, आई? माझ्या माहेरचा उद्धार होईल."

"म्हणून माझ्या बाळाला टोचू द्यायचं का, वहिनी?" फादझाई पोट धरून हसत सुटली.

मायदेईला राग आला, पण काढायचा कुणावर? आमची सून एका शब्दानं उलटून बोलत नाही, हे तिनंच चर्चमधल्या बायकांत मिरवलं होतं. तिनं धागा धरला आणि खर्र खर्र उसवायला घेतलं.

"मला नको सांगूस," ती उसवता उसवता म्हणाली. "ह्या लोकरीला सांग. ती काही तुझी सासू नव्हे."

सेकेसाई घुटमळली. मग लोकरीच्या गुंड्याकडे बघत हळूच म्हणाली, "अगं लोकरी, परतताना कापड उलटं होतं. तेव्हा सुई मागून घालावी, म्हणजे लाही पलीकडं फुटते."

"हं, पुढं?"

"आणि एवढं ओढू नये. विहिरीतनं बादली काढायचीय का तुला?" आता सेकेसाईचा आवाज चढला. "पुन्हा पुढनंच घातलीस! डोळे कुठं असतात, फाटकाकडं?"

"लोकर बरीच अडाणी दिसते," मायदेई म्हणाली आणि तिनं सुई मागून घातली. फादझाई हसता हसता एकदम गप्प झाली. तिनं भिंत धरली.

"आई गं..."

दवाखान्यात मायदेई विणतच होती, तेही उभ्यानं. नर्स म्हणाली, "आजी, बसा की जरा." ती बसली आणि पुन्हा उठली. नात झाली तेव्हा शाल जेमतेम बाळापुरती झाली होती.

विहीणबाई आल्या. बाळ मांडीवर घेतलं आणि आधी शालीचा कोपरा उलटून आतून हात फिरवला. सगळं मऊ.

"बाजारची नाही ना? कुणाकडनं शिकलात?"

सेकेसाई गुडघे टेकून चहा देत होती. मायदेई म्हणाली, "ह्या सुनेकडनं. चुकले की माझ्यावर ओरडते."

सेकेसाईनं घाईघाईनं साखर पुढं केली. विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग वळून आपल्या सुनेकडे.

"आई," फादझाई सासूला म्हणाली, "बाळाचं डोकं जरा वर धरता का? मान खाली जातेय तिची."

मायदेईचे पाय फाटकाकडे धावायला लागले होते, पण तिनं ते दाबून धरले.

विहीणबाईंनी कोपर उचललं. "अशी?"

"आणखी थोडं," फादझाई म्हणाली.