भरली की सुटणारी गाडी

दिघाशीच्या दामूची जीप अंबाडी ते भिवंडी धावायची. तिला तिकीट नव्हतं, वेळापत्रक नव्हतं. सगळ्या सीटा भरल्या की दामू स्टार्टर मारायचा. पूर्वी तो भिवंडीत लूमवर होता. बायको काशी वारली, तशी त्याने लूमची ड्युटी सोडून ही जुनी जीप घेतली. पुढच्या सीटवर बसून शाळेला जाता जाता मुलगी माधवी मोठी झाली. दामूचा हट्ट एकच, तो स्पेशल मारत नसे. लग्नाचं भाडं येवो की गोदामवाल्या शेठचं, अख्खी गाडी तो कधी एकाला देत नसे. लोक त्याला खुळा म्हणत.

दोन हजार सात सालच्या दिवाळीनंतर नाक्यावरच्या मंडळाने शर्यत ठेवली. अंबाडीहून निघायचं आणि कशेळीच्या पुलाशी पोचायचं, पण फक्त सार्वजनिक वाहनाने. माधवीनेही नाव दिलं. दामूची जीप सार्वजनिक धरायची की नाही, यावरून मात्र वाद पेटला.

मंडळाचा सेक्रेटरी मनोज म्हणाला, "दामूकाका, एसटी सार्वजनिक. तुमची जीप सार्वजनिक गणपतीच्या ट्रकसारखी, सगळे नुसते लटकलेले!"

माणसं हसली. दामू हसला नाही.

"जो हात करील त्याला घेतो मी. जात इचारत न्हाय, गाव इचारत न्हाय. मंग सार्वजनिक आनखी कशाला म्हणतात रं?"

"पण मुलगी तुमची. तिच्यासाठी आधी सोडलीत तर?"

"रोज सुटते तशीच सुटंल. न्हाय सुटली तर नको धरू."

मनोजने मान हलवली. "तसं असेल तर धरू." दुसऱ्या दिवशी दामूने गाडी दोनदा धुतली. आयुष्यभर केलेल्या कामाला कुणी नाव देईल, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

शर्यतीच्या सकाळी माधवी सगळ्यांत आधी येऊन जीपमध्ये बसली. हळूहळू गाडी भरत आली. शेवटच्या दोन सीटा तेवढ्या राहिल्या आणि माणसं यायची थांबली. इतक्यात वाडा गावाकडून एसटी आली. बाकीची पोरं धावत जाऊन तिच्यात घुसली. माधवी जागची हलली नाही. आता बाबा गाडी काढतीलच, असं तिने गृहीत धरलं होतं. एसटी गेली. जीप उभीच.

"बाबा, चला ना!"

"दोन सीटा हायत."

"मी भरते दोन्हीचे पैसे. काढा गाडी."

नाक्यावर हे रोजचंच होतं. घाईतला माणूस रिकाम्या सीटांचे पैसे देई आणि ड्रायव्हर खुशीने निघे. दामूही कितीदा तसा निघाला होता. आज त्याचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"आज न्हाय, पोरी. परक्यानं भरले तर गोष्ट येगळी. घरच्याच पोरीच्या पैशांनी सुटली तर गाडी तुझी झाली. मंग ती स्पेशल."

"सगळ्यांचं ऐकता, माझंच तेवढं नाही!" माधवी चिडून म्हणाली.

मधल्या सीटवरची ठमाबाई, दामूची शेजारीण, पुढे वाकली. "गप बस गं. तुजी आय तापानं फणफणली व्हती, रस्त्यावर बसलेली. एक जीप आली. मागं जागा व्हती. ड्रायव्हर बोलला, स्पेशल हाय, आनी गेला."

"ठमाबाई, ऱ्हाऊ द्या," दामू म्हणाला.

दुसरी गाडी मिळेपर्यंत काशी गेली होती. माधवीला आई तापाने गेली एवढंच ठाऊक होतं. बऱ्याच वेळाने एक नवरा-बायको आली, सीटा भरल्या आणि जीप सुटली. वाटेत गोणी उतरवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी दामू रोजच्यासारखा थांबला. भिवंडीत माधवी उतरली आणि मागे न पाहता कशेळीच्या बसकडे पळाली.

संध्याकाळी दामू भिवंडीच्या स्टँडवर अंबाडीची सीट भरत होता. मनोज आणि माधवी कशेळीहून परत आली.

"काका, ही सगळ्यांत शेवटी पोचली," मनोज खाली बघत म्हणाला. "पण तुमची गाडी धरली. पुढच्या वर्षीच्या नियमात नावानिशी घालतो."

"बरं," दामू म्हणाला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि त्याला फक्त मुलीचा सुकलेला चेहरा दिसत होता.

मनोज चहाला गेला. माधवी खिडकीशी आली.

"बाबा, ती जीप कुणाची होती?"

"कुणाची का असंना. त्याचे पैसे भरले व्हते कुणीतरी. त्याला थांबता येत नव्हतं."

"तुम्हाला राग नाही आला?"

दामूने समोरची काच फडक्याने पुसली. ती स्वच्छच होती.

"लय आला. म्हणून तर गाडी घेतली."

माधवी वळून मागच्या बाकावर जाऊन बसली, बायकांमध्ये, अंग चोरून, म्हणजे शेजारी अजून एक माणूस मावेल.