शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, पण त्यांनी खडू कधी हातात धरला नाही. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. अर्ध्या शहराच्या हाती त्यांनीच स्टिअरिंग दिलं असेल. रस्त्यात कुणी हॉर्न वाजवून हात केला की ताई विचारायची, "हा कोण?" त्यावर भावोजी म्हणायचे, "नाव नाही आठवत. क्लच फार लवकर सोडायचा." माणसं त्यांच्या लक्षात अशी राहायची. कुणी घाबरट, कुणी आरशात केस बघणारा, कुणी वळणावर डोळे मिटणारी.

शिकवताना स्वतः मात्र त्यांनी गाडी फारशी चालवलीच नाही. ते कायम शेजारच्या सीटवर. शिकवायच्या गाडीत त्या सीटच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, चालवणाऱ्याच्या पेडलला सळईने जोडलेला. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो. आवाज न चढवता, बोलणं न थांबवता भावोजी तो ब्रेक दाबायचे. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडीलाच अक्कल आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, तिशीची आहे. आम्ही तिला छकी म्हणतो. तिची समज पाच-सहा वर्षांच्या मुलीएवढी, पण हात फार सुबक. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्यासारख्यांसाठी मेणबत्त्यांचा एक कारखाना आहे, तिथे ती रोज जाते. गेली नाही तर दिवसभर दाराशी चपला घालून बसते. बसमधली गर्दी तिला सोसत नाही, परक्या ड्रायव्हरच्या गाडीत ती पाऊल टाकत नाही. त्यामुळे इतकी वर्षं भावोजीच तिला स्कूलच्या गाडीतून सोडायचे आणि आणायचे. मालक भला माणूस, कधी हरकत घेतली नाही.

मग निवृत्ती आली, आणि तिच्या मागोमाग काचबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, नजर कडेकडेने जाईल. समोरचं बरेच दिवस दिसेल, बाजूचं आधी जाईल. थेंब घालून वेग कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही. भावोजींनी घरी येऊन ताईला एवढंच सांगितलं, "छकीला आता तू सोडायचंस. माझे डोळे आहेत तोवर शिकून घे."

ताईचं लायसन्स होतं. नव्या नवरीच्या दिवसांत काढलेलं, आणि पुढे फक्त फोटो दाखवण्यापुरतं वापरलेलं.

नवी गाडी घ्यावी, छोटी, आपोआप गिअर बदलणारी, असं मीही म्हटलं. भावोजींनी आणली ती मात्र साईच्या रंगाची, घुमटासारख्या पाठीची, आमच्या लहानपणी मोठी माणसं ज्यातून उतरायची तसली गाडी. कुण्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं चादर पांघरून उभी होती. भावोजी स्वतः तरुणपणी अशाच गाडीवर शिकले होते. तेव्हापासून ती त्यांच्या मनात होती, हे ताईलासुद्धा तेव्हाच कळलं.

"लोक निवृत्त झाल्यावर नवी गाडी घेतात," ताई म्हणाली, "आमच्यांनी निवृत्त झालेली गाडी आणली."

"हिच्यात काय बिघडलं ते दिसतं तरी," भावोजी म्हणाले. "नव्या गाडीत नुसता दिवा लागतो."

छकीने मात्र मागचं दार उघडलं, त्या सोफ्यासारख्या सीटवर आडवी झाली आणि उठेचना. तिथे वाद संपला.

भावोजींचा एक जुना विद्यार्थी पुढे मोठा मिस्त्री झाला होता. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि कंबरेवर हात ठेवले. "मास्तर, ही रविवारी पुसायची आणि शेजारी उभं राहून फोटो काढायची गाडी आहे."

"मला ती रोज चालवायची आहे. म्हणजे हिला."

मिस्त्रीने ताईकडे पाहिलं. "वहिनींना? मग सगळंच बदलू या."

पुढचे कित्येक आठवडे भावोजी सकाळी डबा घेऊन गॅरेजवर जायचे, जणू नोकरीच लागली. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग उपटून नवं टाकलं. रेडिएटर गळत होता, तो उघडून आतून साफ केला. गाडी गर्दीत तापू नये म्हणून पुढे विजेवर चालणारा पंखा बसवला. पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक आले. सीटचे पट्टे नव्हतेच, ते चारही बसवले. दिवे इतके मंद होते की मिस्त्री म्हणाला, "यापेक्षा मेणबत्ती बरी," आणि छकीने दुसऱ्या दिवशी खरोखरच स्वतः केलेली एक मेणबत्ती त्याला नेऊन दिली. ती त्याने हत्यारांच्या फळीवर ठेवली. अजून आहे.

स्कूलने निरोपाला काय हवं म्हणून विचारलं होतं. लोक घड्याळ मागतात, शाल मागतात. भावोजींनी भंगारात निघालेल्या गाडीतली शेजारच्या सीटची पेडलं मागितली. ती मिस्त्रीने नव्या सळया जोडून या गाडीत बसवली. दोन्हीकडच्या पेडलांवर एकाच डब्यातली कोरी रबरं चढवली. "आता शोभता मास्तर," तो म्हणाला.

आणि ताई गाडी चालवू लागली. पहिले काही दिवस मी मागे छकीबरोबर बसायचे. ताई दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरायची की जणू कुणी ओढून नेणार आहे. भावोजी शेजारी, हात मांडीवर, आवाज संथ. "आता दुसरा गिअर. घाई नाही. तो ट्रक तुझ्यावर रागावलेला नाही, त्याचा चेहराच तसा आहे." ताई हसायची आणि हसता हसता वळण घेऊन व्हायचं. हळूहळू ती कारखान्यापर्यंत आणि परत अशी रोज जाऊ लागली. भाजी आणायला जाऊ लागली, तेही भावोजींना शेजारी बसवून. मला म्हणाली, "अगं, मिस्त्रीने ब्रेक काय लोण्यासारखा बसवलाय! नुसता पाय ठेवायचा अवकाश, गाडी थांबलेली असते." साठीला टेकलेली माझी बहीण तेव्हा कॉलेजातल्या मुलीसारखी दिसायची. आम्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला होता.

एका सकाळी कारखान्याच्या अलीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला आडवा आला. पाठीमागे पावांची टोपली. ताईने ओरडून पाय दाबला, पण गाडी पुढे जातच राहिली, आणि थांबली तेव्हा सायकल खाली होती आणि रस्ताभर पाव. माणसाचं कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. तोच उठून ताईला पाणी द्यायला लागला. छकी कानांवर हात दाबून बसली होती.

"ब्रेक लागला नाही," ताई म्हणत राहिली. "मी दाबला, लागलाच नाही."

भावोजी खाली उतरून पाव गोळा करू लागले.

गाडी मिस्त्रीकडे नेली. मी ताईला धीर म्हणून बरोबर गेले होते. त्याने चाकं काढली, नळ्या बघितल्या, तेल बघितलं, स्वतः एक फेरी मारून आला. "ब्रेक एकदम झकास आहेत, वहिनी. देवाशपथ." मग गालिचा नीट करायला तो पुढच्या दारातून आत वाकला आणि वाकल्या वाकल्याच हसला. "मास्तर, गाडी तुम्हीच चालवता वाटतं! तुमच्या ब्रेकचं रबर पार गुळगुळीत झालंय. वहिनींचं बघा, अजून कोरं. कंपनीची अक्षरंसुद्धा वाचता येतात."

त्याला वाटलं, सगळे हसतील. मी ताईकडे पाहिलं. ती त्या दोन पेडलांकडे बघत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. मिस्त्रीचं हसू अर्ध्यावर विरलं आणि तो उगाचच पाना शोधायला आत गेला.

घरी आलो. मी चहा ठेवला. ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, भावोजी दारात उभे.

"अहो, मी आजवर एकदा तरी ब्रेक दाबलाय का?"

"दाबलायस की."

"कधी?"

"अंगणात. गाडी लावताना."

हसू यावं असंच उत्तर होतं, पण आलं नाही.

"म्हणजे माझा पाय पोचायच्या आत तुम्ही दाबायचात. आणि मी मूर्ख, मिस्त्रीचं कौतुक करत फिरले."

"मुद्दाम नाही गं. समोर काही आलं की पाय जातो. मला विचारत नाही."

"शिकायला यायची त्या पोरांच्या वेळीही असाच जायचा?"

"नाही. त्यांना थोडं चुकू द्यायचो. बंपर जरा टेकू द्यायचा, चाक जरा घासू द्यायचं. त्याशिवाय पाय शिकत नाही."

"मग मला का नाही चुकू दिलंत?"

"मागे पोर बसलेली असते ना." ते थांबले. मग म्हणाले, "आणि पुढे तू."

चहा उतू गेला. मी गॅस बारीक केला. ताईने पुढचा प्रश्न विचारू नये असं मला वाटत होतं, पण तिने विचारलाच.

"आणि आज? आज का नाही गेला पाय?"

भावोजींनी चौकटीवर हात टेकला. "तो सायकलवाला मला दिसलाच नाही," ते म्हणाले. "तू ओरडलीस तेव्हा मला कळलं, की काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी ते एकटे मिस्त्रीकडे गेले आणि आपली पेडलं काढून घ्यायला सांगितली. मिस्त्री मला नंतर म्हणाला, काढताना ते समोर उभे राहिले नाहीत, बाहेर टायरांच्या ढिगावर पाठ करून बसले. आणि पेडलं पिशवीत घालून दिली तर म्हणाले, ठेव तुझ्याकडेच.

त्यानंतर ताईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भावोजी एकदाच शेजारी बसले. पायाखाली काही नव्हतं, तरी प्रत्येक चौकात त्यांची टाच गाडीच्या तळावर आपटायची, आणि त्या आवाजाने ताईचा पाय जागच्या जागी गोठायचा. दोघांनाही ते कळलं. घरी येऊन ते म्हणाले, "मी शेजारी आहे तोवर तू ब्रेक दाबणार नाहीस." पुढे ते गाडीत बसले नाहीत. ज्या गाडीची त्यांनी सगळी उमर वाट पाहिली, तिच्यात.

मग शेजारी मला बसवलं. मला सायकलसुद्धा धड येत नाही, म्हणून मी योग्य, असं भावोजी म्हणाले. ताईने एकदा कुणाच्या तरी कंपाउंडला बंपर टेकवला, एकदा फुटपाथला चाक घासलं. आम्ही खाली उतरून बघितलं आणि परत बसलो. तोवर छकीला तिच्या मैत्रिणीचे वडील अधूनमधून घेऊन जायचे, पण बरेच दिवस ती घरीच राहिली. दाराशी, चपला घालून. ते बघून ताई दुपारच्या उन्हातसुद्धा गाडी काढायची. भावोजी फाटकाशी उभे राहून आवाजावरून गिअर ओळखायचे. आम्ही परत आलो की एवढंच सांगायचे, "तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला उशीर करतेस."

पानगळ सुरू झाली तेव्हा ताई छकीला घेऊन एकटी कारखान्यात गेली. त्या दिवशी तिने मला फोन केला आणि नुसती श्वास घेत राहिली. मी म्हटलं, "बोल की." ती म्हणाली, "पोचलो." त्यानंतर एकही दिवस छकीचा कारखाना चुकला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात भावोजींना न्यायचं होतं, तेव्हा मीही गेले. पुढे बसा म्हटलं तर ऐकेनात. मागचं दार चाचपून उघडलं आणि छकीशेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या मागच्या सीटवर. छकीने त्यांचा पट्टा लावून दिला, तिला फार आवडतं ते.

डॉक्टरांनी मशीनवर डोकं टेकवून तपासलं, बाजूने दिवे दाखवले, दिसला की बटण दाबा म्हणाले. आम्ही बाहेरून बघत होतो. बटणाचा आवाज फार थोड्या वेळा आला. मग डॉक्टर ताईशी बोलले, हळू, नेहमीसारखे. समोरचंही आता धूसर होऊ लागलंय, घरात एकट्याने जिना उतरू देऊ नका, थेंब मात्र चालू ठेवा.

परत येताना बाजारपेठेच्या वळणावर एक बाई बाबागाडी ढकलत थेट रस्त्यात उतरली. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ताईने ब्रेक दाबला. धक्का नाही, चाकांचा आवाज नाही. गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाई मान हलवून पलीकडे गेली. ताईने आरशात पाहिलं. ती काय ऐकायला थांबली होती, ते मला कळत होतं.

"अहो," शेवटी तीच म्हणाली, "आज काही बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"आत्ता ब्रेक मारला त्याबद्दल."

मागे छकी काचेवर बोटाने काहीतरी काढत होती.

"मला वाटलं, सिग्नल आहे," भावोजी म्हणाले. "मग चांगलाच मारला असशील."

ताईने तोंड फिरवलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. तिने पदराने डोळे पुसले, पहिला गिअर टाकला, आणि क्लच सावकाश सोडला.