हेअरचा आठवडा

लातुरात पुढं क्लासेसचं पेव फुटलं, डॉक्टर-इंजिनिअर पोत्यानं निघाले. पण एका इंग्रजी शब्दाला अख्खा आठवडा लावणारा माणूस या जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. अंगानं काडी, आवाज मोंढ्यातल्या हमालाचा आणि डोक्यावर काळाभोर विग. तो विग आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नाही असं फक्त सरांना वाटायचं. फटफटीवरून येताना एक हात हँडलला, एक डोक्याला. वर्गातला पंखा त्यांनी कधी लावू दिला नाही. "वाऱ्यानं इंग्रजी उडून जाते," म्हणायचे. आम्ही पत्र्याखाली शिजून निघायचो, पण बटणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आणि अशा माणसाचा आवडता शब्द कोणता, तर हेअर! "डोक्यावर लाख असले तरी हेअर एकच रे, वरणात दोन निघाले की मग हेअर्स!" शब्दाचा कीस पाडणं म्हणजे स्प्लिटिंग हेअर्स, हे सांगताना स्वतः तासभर तेच करायचे. हेअर्स ब्रेड्थ म्हणजे थोडक्यात वाचणं, हे समजवायला एसटीखाली येता येता राहिलेला आपला मेव्हणा रोज नव्यानं वाचवायचे. क्लासचे मालक दारातून हात जोडायचे, "सर, पोर्शन लई मागं पडून राहिला ना!" सर म्हणायचे, "पळणाऱ्याला पळू द्या. माझी पोरं चालत येतील."

नियम एकच, पण लई कडक: वर्गात टोपी चालणार नाही. दुसऱ्याचं झाकलेलं डोकं त्यांना का बघवत नसे, देव जाणे.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गावाकडचं घर बसलं, वडील त्यातच गेले. दिवसपाणी झाल्यावर मामानं मला परत लातूरला आणून सोडलं. डोकं तासलेलं, वर मामाची पांढरी टोपी, पार कानापर्यंत आलेली. वर्गात नेमका हेअरचा आठवडा चालू होता. मी गुपचूप मागच्या बाकावर बसलो. सर फळ्यावर लिहीत होते, 'नॉट टर्न अ हेअर', म्हणजे जराही न डगमगणं. वळले, टोपी दिसली आणि तोंडाकडं न बघताच सवयीनं गरजले, "ए टोपीवाल्या! काढ ती!"

मी काढली. दोघं-तिघं फिसकन हसले, मग सगळा वर्ग गप झाला. त्या दिवसांत तासलेल्या डोक्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. "बस बाळा," एवढंच म्हणाले आणि तास सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सर आले ते विगशिवाय. चकचकीत टक्कल, कानांवर दोन पांढरे पुंजके, आणि कान लालेलाल. अर्थातच हशा पिकला. सर मान खाली घालून उभे राहिले. "हसून घ्या रे, पोटभर हसून घ्या," म्हणाले आणि स्वतः जाऊन पंखा लावला. त्या वाऱ्यानं आम्हाला काय बरं वाटलं! माझ्याकडं मात्र त्यांनी बघितलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कित्येक दिवस नाही.

माझे केस आले, चांगला भांग पडायला लागला, तरी सर तसेच बोडके. एकदा तास सुटल्यावर धीर करून म्हणालो, "सर, माझे आले की परत. आता तुमी घाला ना विग."

सरांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, भांग पार मोडून टाकला.

"तुझे आले रे बाळा," म्हणाले. "माझ्या तोंडातून गेलेलं ते 'काढ' काही परत येऊन नाही राहिलं."